सही नोटेवर, कागद तीन मूर्तीत

देराच्या जुन्या बाजारात नाणी आणि नोटा विकणाऱ्या एका दुकानात काचेखाली दहा रुपयांची एक जीर्ण नोट पाहिली. चित्र सहाव्या जॉर्ज बादशहाचे आणि सही सी. डी. देशमुखांची. दुकानदाराला बादशहा ठाऊक होता, सही करणारा नव्हता. त्याने किंमत सांगितली ती ऐकून मी नोट हळूच परत ठेवली.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते की या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत रुपयाच चालत असे. आधी साधा भारतीय रुपया होता. त्यातून सोन्याची चोरटी आयात होऊन भारताची परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा आल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि इथल्या राज्यांनी तो सोडला. दिरहॅम आला १९७३ मध्ये. म्हणजे आज आपण ज्या गल्ल्यांतून हिंडतो, तिथे एकेकाळी रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेल्या माणसाच्या सहीवर व्यवहार होत असे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. १९५० ते १९५६ ते अर्थमंत्री होते. एवढे आपण शाळेत वाचलेले असते. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल होते: अशा माणसाचे कागद पुढे कुठे जातात?

देशमुखांचे खासगी कागद दिल्लीला तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात आहेत. आधी त्याचे नाव नेहरू स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालय होते; २०२३ पासून ते पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय झाले. 'खासगी कागद' म्हटले की आपल्याला घरगुती पत्रे आठवतात. पण अभिलेखागारात या शब्दाचा अर्थ एवढाच, की हे कागद सरकारी खात्याकडून न येता त्या माणसाकडून किंवा त्याच्या घरून आले. मंत्रालयाची फाईल राष्ट्रीय अभिलेखागारात जायची, बँकेची बँकेच्या पुण्यातल्या अभिलेखागारात. मग माणसाच्या कपाटात उरते काय? आलेली पत्रे, भाषणांचे कच्चे खर्डे, कात्रणे, आणि मुख्य म्हणजे अर्धशासकीय पत्रांच्या कार्बन प्रती. सरकारी नोकरी पाहिलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. फाईलवरचा शेरा सगळे वाचणार म्हणून जपून लिहिलेला असतो. नावानिशी लिहिलेल्या अर्धशासकीय पत्रात माणूस थोडा मोकळा होतो. ते पत्र सरकारचे की त्याचे, हा वाद जुनाच आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा झाला १९९३ मध्ये. देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले तेव्हा तो नव्हताच. पेशवाईत तर हा प्रश्नच कुणाला पडला नसता. फडणिशीचा हिशेब आणि घरचे कागद एकत्रच रुमालात बांधले जात, म्हणून नाना फडणवीसांचे दप्तर पुण्याच्या सरकारी दप्तरात न सापडता मेणवलीच्या वाड्यात सापडले.

या कागदांचा उपयोग काय, हे राजीनाम्यावरून समजते. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवायच्या प्रश्नावर देशमुख १९५६ च्या जुलैत मंत्रिमंडळाबाहेर पडले. लोकसभेत त्यांनी केलेले निवेदन छापील कामकाजात आहे. त्यांचे आत्मचरित्र 'द कोर्स ऑफ माय लाइफ' १९७४ मध्ये आले. नेहरूंची बाजू त्यांच्या निवडक लेखनाच्या खंडांत मिळते. तिन्ही वाचावीतच. पण निवेदन सभागृहासाठी होते आणि आत्मचरित्र अठरा वर्षांनी, शेवट ठाऊक असताना लिहिलेले. त्या वर्षी जानेवारीत मुंबईत गोळीबार चालू असताना लिहिलेल्या पत्राला संध्याकाळी काय होणार हेही माहीत नसते. अभ्यासकाला हवे असते ते हे अज्ञान. आमच्या धंद्यात प्रणाली कोसळली की अहवालापेक्षा आम्ही त्या क्षणाची नोंदवही आधी उघडतो, ती याच कारणाने.

एक गंमत मात्र लक्षात ठेवायला हवी. माणसाच्या संग्रहात सहसा त्याला आलेली पत्रे असतात. त्याने पाठवलेली दुसऱ्याच्या घरी. कार्बन प्रत ठेवली नसेल तर देशमुखांचे उत्तर शोधायला समोरच्याचा संग्रह उघडावा लागतो. त्यांच्यानंतर अर्थमंत्री झालेल्या टी. टी. कृष्णम्माचारींचे कागदही तीन मूर्तीतच आहेत. दोन तक्ते तारखेवर जुळवायचे, तेव्हा कुठे एक संभाषण उभे राहते. म्हणूनच अभिलेखपाल मूळ गठ्ठ्यांचा क्रम मोडत नाहीत. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवला होता, हीही माहितीच असते.

हे सगळे मला आधी कळायला हवे होते. माझे वडील अलिबागच्या कोषागारात कारकून होते. कुठलेच पत्र ते टाकत नसत आणि महत्त्वाच्या उत्तरांची प्रत ठेवत. ते गेल्यावर घर रिकामे करायला माझ्याकडे रजेचे नऊ दिवस होते. दोन पोती कागद मी रद्दीवाल्याला किलोवर दिले. त्यात काय होते ते पाहिलेसुद्धा नाही; घाई होती, आणि जुन्या कागदांच्या वासाने शिंका येत होत्या. त्यातून वाचली फक्त एक फाईल, कारण वर माझे अक्षर दिसले. वसतिगृहातून मी लिहिलेली पत्रे त्यांनी तारीखवार लावून ठेवली होती. पहिल्या सत्रात नापास झाल्याचे पत्रही त्यात आहे. कोपऱ्यात त्यांची खूण, 'उत्तर दिले', आणि तारीख.

ते उत्तर मला आले होते, हे नक्की. पण शारजा ते दुबई आम्ही तीन घरे बदलली, आणि त्यांची पत्रे ज्या खोक्यात होती ते खोके कुठल्या घरी राहिले ते आता आठवत नाही.