‘चांगला चालून राह्यला, मंग कायले हात लावा?’

मानोरा गावात घरी कॉम्प्युटर असलेल्या माणसाकडे विंडोजच्या मोठ्या अपडेटचा विषय काढला की हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा निष्काळजी नसतो. मुलीचे प्रवेशाचे फॉर्म आणि एमएस-सीआयटीचा सराव यासाठी सोयाबीनच्या पैशातून घेतलेली ती वस्तू असते, आणि तो ती जपत असतो. चालत्या मोटरपंपाला उगाच पाना लावू नये, हा त्याचा अनुभवही खरा आहे. पण पंप वापराने झिजतो. विंडोज झिजत नाही. तिच्यात पहिल्या दिवसापासून राहून गेलेल्या चुका एकेक करून बाहेरच्यांना सापडत जातात. म्हणून कोणी हात लावला नाही तरी ती महिन्यागणिक जास्त धोक्याची होते.

‘मोठ्या अपडेटमध्ये नुसतं रूप बदलते, सुरक्षेचे लहान अपडेट तं येतातच.’ सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठवते, हे खरं. पण त्या ठरावीक आवृत्तीसाठीच असतात. विंडोज ११ची नवी आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि घरगुती कॉम्प्युटरवर तिला २४ महिने दुरुस्त्या मिळतात. २३एच२ या आवृत्तीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ला संपली. त्यानंतरही जो घरगुती कॉम्प्युटर तिच्यावरच थांबला, त्याच्या महिन्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या. एरवी विंडोज स्वतःच पुढची आवृत्ती आणते; पण अपडेट बंद करून ठेवले असतील किंवा डिस्कमध्ये जागा नसेल, तर ती तिथेच अडकते. विंडोज १०ची साधी मुदत १४ ऑक्टोबर २०२५लाच संपली. कॉम्प्युटर मात्र पूर्वीसारखाच सुरू होतो, आणि त्यामुळेच माणसाला काही कळत नाही.

दुरुस्ती न घेण्याची किंमत काय, हे २०१७ साली साऱ्या जगाने पाहिलं. विंडोजमध्ये फायली एकमेकांना देण्याघेण्याची जी सोय आहे, तिच्यात एक भोक होतं. ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चला आली. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, त्या भोकातून शिरण्याचं हत्यार एका टोळीने इंटरनेटवर उघडं टाकलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांच्या फायली कुलूपबंद झाल्या. दुरुस्ती येऊन ५९ दिवस झाले होते. त्या कॉम्प्युटरांवर कोणी चुकीची लिंक दाबायची गरजही नव्हती. तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होता. त्याच भोकाचा वापर करणारा नॉटपेट्या २७ जूनला आला आणि आपल्या महाराष्ट्रात, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या मशीनमधले पासवर्डही उचलत असे. त्यामुळे दुरुस्ती नसलेला एक कॉम्प्युटर शेजारच्या दुरुस्त कॉम्प्युटरांनाही बुडवू शकत होता.

दुरुस्ती जाहीर झाली की चोरांचं काम सोपं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की भोक कुठे होतं ते कळतं. विंडोज १० आणि ११चा बराच भाग सारखा आहे. त्यामुळे ११साठी आलेली दुरुस्ती १०मधलं भोकही दाखवून देऊ शकते.

‘आमच्या घरी चोराले काय सापडन?’ आधारची प्रत, पासबुकाचा फोटो, सातबारा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. असे हल्ले गाव पाहून होत नाहीत. प्रोग्राम इंटरनेटवर उघडं दार शोधत फिरतो. ते दार पुण्यात आहे की मानोऱ्यात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अँटीव्हायरस असावाच, पण तो आत येणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करतो. भिंतीतलं भोक बुजवणं त्याचं काम नाही.

‘अपडेटनं कॉम्प्युटर बिघडते’ ही भीती मात्र निराधार नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या मोठ्या अपडेटने काहींच्या फायली पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला तो थांबवावा लागला. नोव्हेंबरमध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा आला. जुलै २०२४मध्ये जगभर सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले ते तेव्हाच. पण तो दोष क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रामच्या अपडेटचा होता, विंडोजच्या अपडेटचा नव्हे. म्हणून माझं मत असं: महिन्याची दुरुस्ती आठवडाभरात घ्यावी, नवी मोठी आवृत्ती तीन-चार आठवडे थांबून घ्यावी. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत. फॉर्मची शेवटची तारीख असेल त्या दिवशी नको. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइट जायच्या वेळेत नको. नाहीच जमलं, तर पहिल्या दहा दिवसांत मागच्या आवृत्तीवर परतायची सोय सेटिंगमध्ये असते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या दीड-दोन जीबीत हे कसं बसवायचं, ही अडचण खरी आहे. एरवीच्या दिवशी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवावं, म्हणजे मोठे अपडेट त्यावर उतरत नाहीत, आणि महिन्यातून एकदा ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप न्यावा. डेस्कटॉपसाठी त्याच्याकडूनच ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची विंडोज उतरवून आणता येते.

दुकानातून ‘टाकून’ दिलेल्या चोरीच्या विंडोजचं काय? पकडले जाऊ या भीतीने लोक अपडेट बंद ठेवतात. खरा धोका अशी विंडोज परवान्याशिवाय चालू करणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ प्रोग्राममध्ये आहे. तो चालवायला अनेकदा अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच्यासोबत आणखी काय आत आलं हे कोणालाच सांगता येत नाही.

जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ टाकूनही मिळते. पण अशा मशीनवर पुढची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, म्हणजे तोच प्रश्न वर्षा-दोन वर्षांनी परत येतो. त्या अटी अशा: विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. हे नसेल तर विंडोज १०साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव दुरुस्त्यांची नोंदणी आहे; मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर तिला पैसे पडत नाहीत. त्यापुढे विंडोजऐवजी लिनक्स. सी-डॅकची बॉस किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कला हात न लावता आधी चालवून पाहता येते. प्रिंटर ओळखला जातो का, मराठी टाइप होतं का, मुलीच्या फॉर्मची साइट उघडते का, एवढं त्यात तपासावं.

आपली आवृत्ती कोणती हे पाहायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ची सहा इंग्रजी अक्षरं (winver) टाइप करायची आणि एंटर दाबायचं. चौकटीत दिसणारा आकडा २३एच२ किंवा त्याआधीचा असेल, तर पहिलं काम फोटो उतरवण्याचं.