अणुवीजकेंद्रात विजेची सामग्री केव्हा बदलतात?



रावेर-यावलकडच्या केळीबागेत मोटारीचा स्टार्टर जुना झाला, तर भर वैशाखात कोणी शहाणा माणूस तो आपण होऊन उघडीत नाही. पाऊस लागावा, केळीची तहान भागावी, मग तो काम काढतो. त्याआधी नवा स्टार्टर घरात आणून ठेवतो आणि वायरमनला दिवस सांगून ठेवतो. यालाच आपण वेळापत्रक म्हणतो. वीज निर्माण करणाऱ्या मोठ्या केंद्रांनाही ते चुकलेले नाही. मात्र अणुवीजकेंद्रात एक जास्तीची अडचण असते. ती आज समजून घेऊ.

भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज होते. तेथे कोळसा टाकणे थांबविले, की आच विझते आणि बॉयलर हळूहळू निवतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे. त्याला तर रोज सूर्यास्ताला आपोआप सुट्टी मिळते. अणुभट्टीचे तसे नाही. भट्टी बंद करण्याची कळ दाबली, की अणू फुटण्याची क्रिया काही सेकंदांत थांबते. पण आधी फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनात राहिलेले असतात, ते पुढेही उष्णता देतच राहतात.

ही उष्णता किती, ते आकड्यांत पाहा. तारापूरच्या पहिल्या दोन संचांपैकी एकेका भट्टीची मूळ उष्णताशक्ती सुमारे 660 मेगावॅट. भट्टी बंद केल्याबरोबर तिच्या सहा ते सात टक्के, म्हणजे चाळीस मेगावॅटच्या आसपास उष्णता निघत असते. काही तासांनी ती एक टक्क्याजवळ येते, दिवसभराने साधारण अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का म्हणजे तरी तीन मेगावॅट झाले! एवढी उष्णता पाण्याने सतत काढून न्यावी लागते. पाणी फिरवायला पंप हवा, आणि पंपाला वीज हवी. म्हणजे वीज बनविणे थांबले, तरी त्या केंद्राला स्वतःची वीज लागतेच.

म्हणून आपल्या देशातील अणुवीजकेंद्रांत विजेचे चार वर्ग केलेले असतात. शिक्षकांनी हे फळ्यावर काढून दाखवावे. चौथा वर्ग म्हणजे बाहेरच्या वाहिन्यांवरून आणि केंद्राच्या स्वतःच्या जनित्रातून येणारी नेहमीची वीज. ती गेली, तर तिसऱ्या वर्गाची डिझेल जनित्रे आपोआप सुरू होतात. दुसऱ्या वर्गाची वीज क्षणभरही खंडित होऊन चालत नाही. आणि पहिला वर्ग म्हणजे बॅटऱ्यांची वीज. तिच्यावर नियंत्रणाची यंत्रणा जागी राहते.

आता प्रश्न असा, की यांतले एखादे जनित्र, रोहित्र किंवा केबल जुनी झाली, तर ती बदलायची केव्हा? भट्टी बंद असताना बदला, असे आपण चटकन म्हणू. पण बंद भट्टीलाही वीज लागते, हे आताच पाहिले. म्हणून पहिला नियम असा, की पंपाकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक उघडली असता बाकीच्या जागत्या राहिल्या पाहिजेत. दुसरा नियम, बदललेल्या सामग्रीवर प्रत्यक्ष भार टाकून चाचणी घेतल्याशिवाय दुसऱ्या वाटेला हात लावायचा नाही. तिसरा, भट्टी नुकतीच बंद झाली असेल, तर उष्णता ओसरेपर्यंत नाजूक कामे मागे ठेवायची. चौथा नियम तुमच्या ओळखीचा आहे : सामान, माणसे आणि नकाशे आधी हाताशी, मगच पाना उचलायचा. अशा मोठ्या बदलांना अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. हे मंडळ 1983 साली स्थापन झाले.

या नियमांमागे कटू अनुभव आहे. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली आणि आग लागली. डिझेल जनित्रे होती. पण त्यांची वीज नेणाऱ्या केबलीही त्याच आगीत जळाल्या. सुमारे सतरा तास तो संच विजेवाचून राहिला. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून हातांनी झडपा उघडल्या, आणि डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी पाणी पोहोचविले, तेव्हा निभावले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. धडा मात्र मिळाला : दोन वाटा एकाच खाचेतून नेल्या, तर त्या दोन राहत नाहीत. पुढे 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये फुकुशिमाला भट्ट्या वेळेवर बंद झाल्या होत्या. पण समुद्राच्या लाटेत डिझेल जनित्रे बुडाली आणि अनर्थ झाला.

आता तारापूरकडे येऊ. पालघर जिल्ह्यातील हे केंद्र 1969 साली सुरू झाले. दोन्ही जुन्या संचांच्या काही व्यवस्था सामाईक होत्या, एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी असाव्यात तशा. त्या वेगळ्या करायच्या, आणीबाणीसाठी जास्त क्षमतेची डिझेल जनित्रे बसवायची, नियंत्रणासाठी आणखी एक पूरक कक्ष उभारायचा, असे ठरले. काही कामे इंधन बदलण्याच्या नेहमीच्या बंदच्या काळात टप्प्याटप्प्याने उरकली. जी एक संच चालू ठेवून करता येण्याजोगी नव्हती, त्यांसाठी 2005च्या अखेरीस दोन्ही संच एकदम बंद ठेवले. 2006च्या आरंभी ते पुन्हा सुरू झाले.

ते दिवस आठवतात ना? राज्यात भारनियमन होते. खानदेशात गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते, आणि शेतकरी रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहत मळ्यात बसत होता. अशा वेळी महाराष्ट्र आणि गुजरात मिळून वापरतात त्या विजेतले 160 मेगावॅटचे दोन संच, म्हणजे 320 मेगावॅट, बंद ठेवणे सोपे नव्हते. वेळापत्रक करणाऱ्याच्या एका हाताला तहानलेले पीक असते, दुसऱ्या हाताला भट्टीची सुरक्षितता. दिवस वाचविण्यासाठी माणसे वाढवावीत, सामान आधी मागवावे. पण एक वाट तपासून होण्याआधी दुसरी उघडू नये. दहा दिवसांची वीज गेली, तर ती पुढे भरून काढता येते. भट्टीचा गाभा वितळला, तर ते नुकसान भरून निघत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. येथे तर तहान कधीच थांबत नाही, म्हणून जुनी विहीर उपसण्यापूर्वी दुसरी भरलेली असावी लागते.

शिक्षक मित्रांनो, मुलांना एक उदाहरण घाला. एक पंप, आणि त्याला वीज देणाऱ्या तीन वाटा. तिन्ही बदलायच्या आहेत. प्रत्येकीला चार दिवस बदलायला आणि एक दिवस चाचणीला. कोणत्याही क्षणी निदान दोन वाटा चालू राहिल्या पाहिजेत. काम किती दिवसांत होईल? मुले पंधरा सांगतील. मग विचारा, दुसऱ्या वाटेची चाचणी फसली, तर पुढचे दिवस कसे लावाल? त्या प्रश्नाला मुले जो वेळ घेतील, त्यात त्यांना वेळापत्रकाचे खरे काम कळेल.

आणि शेतकरी बंधूंनो, यापुढे एखादा संच दुरुस्तीसाठी बंद असल्याची बातमी ऐकलीत, तर किती दिवस बंद, हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की कोणते काम आधी काढले आणि ते तपासून घेतले काय?