घाट चढून आलेली माणसे

माळवा सपाट आहे, असे आम्ही एकतीस वर्षे वर्गात सांगत आलो. गेल्या हिवाळी सुटीत सायकलने उज्जैनहून महूकडे जाताना हे विधान आमच्या पोटऱ्यांनी खोडून काढले. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर, तर महू साडेपाचशेच्याही वर. मधला चढ डोळ्यांस दिसत नाही, मोटारीत कळत नाही; सायकलस्वाराला मात्र तो मैलामैलाला कळतो. शिप्रा उत्तरेकडे वाहते हे आम्हांस बालपणापासून पाठ. पण उत्तरेकडे वाहणाऱ्या नदीच्या काठावरून दक्षिणेकडे निघालेल्याला सारी वाट चढाची, ही साधी गोष्ट सत्तावन्नाव्या वर्षी उमगली.

या उपद्व्यापामागे एक घरगुती कारण होते. आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीला असतात. निवृत्तीनंतर उज्जैनचे घर विकून पुण्यास यावे, असा त्यांचा आग्रह आहे. “आपण मूळचे तिकडचेच ना?” हा त्यांचा बिनतोड सवाल. आमचे आजोबा मात्र सांगत, “आपण घाट चढून आलेली माणसं.” कोणता घाट, कोणत्या साली, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी तो घाट एकदा पायांखालून घालावा, असे मनाने घेतले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मांडव काय पळून चाललंय? गाडी करून सगळेच जाऊ की.” परंतु शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आमच्याआधीच आपल्या सायकलीला तेल घालून बसले होते.

युरोपातली माणसे ग्रीस, सिसिली अशा डोंगराळ मुलखांतून सायकलींवर हिंडतात. वाटेत ऑलिव्हची बने, उन्हात उभे असलेले भग्न देऊळ, रात्री खेड्यात मुक्काम. त्यांची वर्णने आम्ही आवडीने वाचतो. मग ध्यानात आले, की तसाच मुलूख आपल्या उंबऱ्याशी आहे आणि त्या समुद्राकडच्या लोकांनाही तो अनोळखी नव्हता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात उज्जयिनी ‘ओझेने’ या नावाने येते. येथून अकीक आणि मलमल भडोच बंदराकडे जात असे. आपल्याला अधिक जवळची वाट मात्र पाली ‘सुत्तनिपाता’त आहे. गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात, तेव्हा पैठणनंतर माहिष्मती आणि माहिष्मतीनंतर उज्जयिनी असा क्रम दिला आहे. माहिष्मती म्हणजे आजचे महेश्वर, असे अनेक विद्वान मानतात. आम्ही तीच वाट उलट्या अंगाने धरली.

इंदूर ओलांडेपर्यंतच्या वाटेविषयी लिहिण्याजोगे काही नाही. धूर, कर्णे आणि पाठीशी लागलेले ट्रक. शक्य असेल त्याने इंदूर पहाटेच पार करावे. पहिला मुक्काम महूस केला. या गावाचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली येथलाच. जवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. इकडचे पाणी चंबळ, यमुना, गंगा असे करीत बंगालच्या उपसागरास मिळते आणि कड्याच्या पलीकडे पडलेले नर्मदेबरोबर पश्चिम समुद्रास जाते.

तो कडा दुसऱ्या दिवशी समोर आला. मंडलेश्वरच्या रस्त्यावर पठार एकाएकी संपते आणि नेमक्या त्या काठावर जाम दरवाजा उभा आहे. १७९१ साली अहिल्याबाईंनी तो बांधवला. भोवती ना किल्ला ना गाव. माळव्याच्या उंबऱ्यावर घातलेली नुसती दगडी चौकट. तिच्यातून खाली निमाडचा निळसर विस्तार दिसतो. पोस्टमास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. एरवी ते असे गप्प बसणारे गृहस्थ नव्हेत.

उतरणीवर आमची फजिती झाली. ब्रेकची रबरे निघण्यापूर्वी बदलायची राहून गेली होती. दोष सर्वस्वी आमचा. तिसऱ्या वळणावर ती तापून झिजली. पाय टेकत, चप्पल घासत कशीबशी सायकल थांबवली आणि उरलेला घाट तिला हाताशी धरून उतरलो. पायथ्याशी एका पंक्चरवाल्याने जुन्या टायरचे तुकडे कापून ब्रेकमध्ये बसवून दिले. ते पुढे उज्जैनपर्यंत टिकले. त्याची मुलगी शासनाकडून मिळालेल्या सायकलीने नववीच्या वर्गास जाते, हे ऐकून आमच्यातला हेडमास्तर सुखावला. या सायकलींविषयी कोणी काहीही म्हणो. गावात माध्यमिक शाळा नसलेल्या किती मुली त्यांच्यामुळे शाळेत टिकल्या, हे आम्ही हजेरीपटावर पाहिले आहे.

महेश्वरचा घाट, राजवाडा आणि हातमाग यांविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. १७९५ साली निधन होईपर्यंत अहिल्याबाईंनी जेथून राज्य चालविले, ती बैठक पाहून मोठेपणा आणि थाटमाट यांचा संबंध नसतो हे पटते. आमची ओढ मात्र पैलतीराकडे होती. नावाड्याने दोन्ही सायकली नावेत आडव्या घातल्या आणि आम्ही दोघे नावडातोलीस उतरलो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२-५३ साली आणि पुढे १९५७ ते १९५९ या काळात येथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली: कुडामातीच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, जळलेले गहू, मसूर, लालसर भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी. आज पाहण्यासारखे तेथे काही नाही. मातीची टेकाडे, खाली शेते. पण शेतातली बाई आमच्या सायकलींकडे बघून हसली आणि तिने ओंजळभर हरभऱ्याचे घाटे आमच्या पिशवीत टाकले, तेव्हा ते सगळे फार जुने वाटेना.

चौथ्या दिवशी धामनोद, गुजरी या मार्गाने मांडवची चढण. महेश्वर सुमारे दीडशे मीटरवर, मांडव सहाशेतीसच्या आसपास. आमच्या सायकली साध्या, काळ्या, बिनगियरच्या. पहिली पाऊण तासाची मिजास उतरल्यावर आम्ही दोघे निमूट खाली उतरलो आणि त्यांना ढकलू लागलो. उजव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. दर शंभर पावलांवर थांबून पाणी पिणे, मागे बघणे. निमाड खाली खाली जात होता.

तेथे १७२८ सालचा नोव्हेंबर आठवला. मोगलांचा सुभेदार गिरधर बहादुर अमझेऱ्याजवळ मराठ्यांची वाट अडवून बसला होता आणि चिमाजी अप्पांची फौज नर्मदा उतरून मांडवच्या बाजूने घाट चढून वर आली. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याची लढाई झाली. गिरधर बहादुर आणि दया बहादुर दोघेही पडले. शिंदे, होळकर, पवार माळव्यात स्थिरावले आणि त्यांच्या पाठोपाठ कारकून, भिक्षुक, वैद्य, आचारी. उज्जैन १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. आमच्या घराण्याचा कागद एकही शिल्लक नाही, तेव्हा आमचा पूर्वज याच वळणावर दम खात उभा होता असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण कोणीतरी बैलाच्या शेपटाशी चालत, डोक्यावर बोचके घेऊन, बायकोला “आलंच आता” असे सांगत हा चढ चढला असणार. त्याने मागे वळून पाहिले असेल, तर त्याला दिसलेला निमाड आम्हांस दिसत होता.

मांडवात जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, रूपमतीचा मंडप सगळे पाहिले. गोरखचिंचेची आंबट फळे खाल्ली. रूपमतीच्या मंडपावरून नर्मदेची रेघ दिसते म्हणतात, तशी ती सकाळी दिसली. इतर प्रवासी नदी शोधत होते आणि आम्ही दोघे आपण चढलेला रस्ता.

धारला आलो. ज्यांच्या फौजेने घाट चढला त्या चिमाजी अप्पांच्या भावाचा नातू, शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव, १७७५ साली येथल्याच किल्ल्यात जन्मला. सत्तेचाळीस वर्षांतच हा मुलूख पेशव्यांच्या घरातल्या भांडणांचीही जागा झाला होता.

धारहून बडनगरमार्गे उज्जैनला निघालो, तेव्हा तो न दिसणारा उतार आमच्या बाजूचा होता. सायकली आपसूक धावत होत्या. शिप्रेचा पूल दिसू लागला तेव्हा दिवेलागण झाली होती.

रात्री चिरंजीवांचा दूरध्वनी आला. गुडघ्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, “मग बाबा, घराचं काय ठरलं?”

आम्ही म्हणालो, “दिवाळीत ये. आधी घाट चढू, मग बोलू.”

पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, “तिथे गियरची सायकल भाड्याने मिळेल?”

पोस्टमास्तरांनी इंदुरात चौकशी सुरू केली आहे.