एका युनिटाची बाव

पहाटे साडेतीनला फ्रीजची घरघर थांबली आणि त्या शांततेनंच जाग आली. देवबागच्या रस्त्यालगत, माडांच्या बागेत आमचा छोटा ट्रेलर उभा होता. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. थोड्या वेळात पंखाही मंदावला. दिव्याचं बटण दाबलं, तर तो लुकलुकून विझला. मुक्कामाची ती दुसरीच रात्र होती. फ्रीजमध्ये आदल्या संध्याकाळी मालवणच्या बाजारातून आणलेली सुरमई होती. उजाडताच ती तळून संपवली आणि तेव्हाच ठरवलं, की या गाडीची वीज मुळापासून समजून घ्यायची.

मोटारीमागे जोडून न्यायची ही चाकांवरची खोली आपल्याकडे अजून नवलाईची आहे. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकानं १८८५ साली केवळ भटकंतीसाठी घोड्यांची कॅरॅव्हॅन बांधून घेतली, तिथून या छंदाची सुरुवात मानतात. महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ मध्ये. सिंधुदुर्ग तर १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, आणि देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांचा किनारा अशा मुक्कामासाठीच आहे असं वाटावं इतका देखणा. मात्र चाकांवरच्या खोलीला स्वतःची वीज लागते. आमच्या ट्रेलरमध्ये ती होती : १०० अँपिअर-अवरची एक लेड-ॲसिड बॅटरी, टपावर १०० वॅटचं एक सोलर पॅनेल आणि त्या दोघांमध्ये एक साधा कंट्रोलर.

माझा पहिला विचार सरळ होता, मोठी बॅटरी घेऊ. तो विचार मोडला मालवण बंदरावर. होड्यांचे दिवे आणि बॅटऱ्या बघणारा एक वायरमन तिथे भेटला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘भाऊ, बाव रुंद केल्यात म्हणान झरो वाढतलो काय?’’

बाव म्हणजे विहीर. समोरच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधलेला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्या पाण्यावरच किल्ला नांदता राहिला. वायरमनच्या त्या एका वाक्यानं ट्रेलरचा सगळा पसारा मला उलगडला. बॅटरी ही बाव, पॅनेल हा झरा आणि पंखा, दिवे, फ्रीज हा रोजचा उपसा. या तिघांचा मेळ बसला नाही, तर कितीही महाग सामान आणलं तरी पहाटे अंधारच.

म्हणून सुरुवात उपशापासून केली. कागदावर एकेक वस्तू मांडली. पाच वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास, म्हणजे १०० वॅट-तास. पंधरा वॅटचे दोन पंखे रात्रीचे नऊ तास, २७०. चाळीस लिटरचा बारा व्होल्टवरचा फ्रीज चालताना साधारण ४५ वॅट ओढतो आणि कोकणच्या उकाड्यात निम्मा वेळ चालूच असतो, तेव्हा ५४०. पाण्याचा पंप पाव तास, १०. मोबाईल आणि कॅमेरा मिळून ८०. बेरीज बरोबर हजार वॅट-तास. म्हणजेच लाइट बिलावरचं एक युनिट. घरी जे एक युनिट हिशोबातही येत नाही, त्यावर चार माणसांचा अख्खा दिवस आणि अख्खी रात्र निघते. हे कळल्यावर विजेकडे बघण्याची माझी नजर बदलली.

आता जुना संच या हिशोबाला लावून पाहा. १०० वॅटच्या पॅनेलला दिवसभरात मिळून पाच तासांचं भर ऊन मिळतं असं धरलं आणि उष्णता, धूळ, वायर यांतली गळती वजा केली, तर हाती येतात ३५० वॅट-तास. बॅटरीत कागदावर १२०० असतात. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून कामाचे ६००. पहिल्या दिवसाला दोन्ही मिळून ९५०, आणि खर्च हजार. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रीज बंद पडणं त्या आकड्यांतच लिहिलेलं होतं. मी ठरवल्याप्रमाणे नुसती मोठी बॅटरी घेतली असती, तर तीच पहाट दोन-तीन दिवस पुढे गेली असती एवढंच. रोजची साडेसहाशेची तूट तशीच राहिली असती.

मग झऱ्याकडे वळलो. मालवण सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यामुळे उन्हाळ्यात टपावर सपाट बसवलेलं पॅनेलही उत्तम काम करतं. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य माथ्यापासून जवळजवळ चाळीस अंश दक्षिणेला कलतो, तेव्हा पॅनेलही दक्षिणेकडे कलतं असलेलं बरं.

ऊन पुष्कळ, पण उष्णता ही पॅनेलची वैरीण. पॅनेलवर छापलेले वॅट असतात ते पंचवीस अंश तापमानाचे. एप्रिलच्या दुपारी काचेला हात लावला तर चटका बसतो. आतली सिलिकॉनची चकती साठ अंशांवर गेलेली असते. दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे ऐन दुपारी आठवा हिस्सा नुसता गरमीत जातो. यावर उपाय साधा आहे. पॅनेल टपाला चिकटवायचं नाही, खालून बोट-दोन बोटं वारा खेळेल एवढी जागा सोडून फ्रेमवर बसवायचं.

त्याहून मोठी अडचण सावलीची. कोकणात मुक्कामाची उत्तम जागा म्हणजे माडाखाली, आणि पॅनेलसाठी सर्वांत वाईट जागाही तीच. पॅनेलमधल्या चकत्या माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एका चकतीवर सावली आली की ती वाट अडवते, आणि तिच्या ओळीतल्या सगळ्या चकत्यांची वीज अडते. पॅनेलमधले बायपास डायोड ती ओळ वगळून बाकीच्या चालू ठेवतात खरे, पण एक अख्खी ओळ जाते. हे मी मीटरवर पाहिलं. टपावरचं पॅनेल चांगलं चाललेलं, एवढ्यात वाऱ्यानं एक झावळ हलली, तिची काठीएवढी सावली काचेवर आडवी पडली आणि आकडा झटक्यात घसरला. झावळ बाजूला झाली, आकडा पुन्हा वर. दहा मिनिटं तो खेळ पाहत उभा राहिलो आणि पॅनेलची मांडणी तिथेच ठरली.

चारशे वॅट घ्यायचे, पण दोन ठिकाणी. दोनशेचं एक पॅनेल टपावर कायमचं. दोनशेचं दुसरं सुटं, पायांवर कलतं उभं राहणारं, दहा मीटर वायरीसह. माणसं माडाखाली, पॅनेल वाळूत उन्हात. दोघांचे कंट्रोलर वेगळे, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही. दोन्ही उन्हात असली तर दिवसाला १४०० वॅट-तास मिळतात. ट्रेलर पूर्ण सावलीत ठेवला तरी सुटं पॅनेल एकटं सातशे देतं.

कंट्रोलरही बदलले. जुना पीडब्ल्यूएम जातीचा होता. तो पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. उन्हात तापलेलं पॅनेल सतरा व्होल्टला दहा अँपिअर द्यायला तयार असतं, म्हणजे १७० वॅट. त्याला तेरा व्होल्टवर बांधलं की उरतात १३०. एमपीपीटी जातीचा कंट्रोलर पॅनेलला सतरावरच राहू देतो आणि जादा व्होल्टेजचं रूपांतर जादा अँपिअरमध्ये करतो. त्याच उन्हातून चाळीस वॅट अधिक.

झरा वाढल्यावर बावेची पाळी आली. लेड-ॲसिड बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली, आणि आजही घरोघरच्या इन्व्हर्टरखाली तीच असते. दणकट, ओळखीची, कुठेही दुरुस्त होणारी. पण १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या खोलीत नकोच. तिच्या जागी आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. लोह आणि फॉस्फेटचं हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं १९९७ साली प्रसिद्ध केलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं होतं आणि के. एस. नंजुंडस्वामीही त्यात होते. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. मोबाईलमधल्या लिथियम बॅटरीपेक्षा हे रसायन तापून पेट घेण्याला बरंच कमी प्रवण आहे. १०० अँपिअर-अवरचं वजन बारा किलोंच्या आसपास, आणि ऐंशी टक्के उपसा करूनही दोन हजारांवर फेऱ्या चालते. करूळ किंवा फोंडा घाट चढताना ट्रेलरमधलं प्रत्येक किलो जाणवतं, तिथे हा फरक लाखमोलाचा.

आमची बॅटरी दोनशे अँपिअर-अवरची, म्हणजे २५६० वॅट-तास, त्यांतले दोन हजार कामाचे. सूर्य दिसलाच नाही तरी दोन दिवस. मळब असलं तरी चारशे वॅटच्या पॅनेलमधून थोडंफार येतंच, त्यामुळे तीन दिवस निभावतात. या बॅटरीचं व्होल्टेज मात्र जवळजवळ शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतं, म्हणून व्होल्टमीटर पाहून किती उरलंय ते कळत नाही. त्यासाठी शंट बसवावा लागतो. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक अँपिअर मोजून तो उरलेले टक्के दाखवतो. बावेत दोर सोडून पाणी मापावं, तसा.

पॅनेल आणि बॅटरी पैशानं मिळतात, पण या कामाची खरी कसोटी वायरिंगमध्ये आहे. बारा व्होल्टवर पातळ वायर चालत नाही. गाडी चालू असताना तिच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरायला आम्ही वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला. लिथियम बॅटरी सरळ जोडली तर ती अल्टरनेटरकडून बेसुमार ओढते आणि त्याला तापवते. बोनेटपासून ट्रेलरपर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. चार एमएमच्या वायरीत या अंतरावर सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो, म्हणजे बारातला दहावा हिस्सा वायर तापवण्यात जातो. सोळा एमएममध्ये तीच गळती पाव व्होल्टच्या किंचित वर. कोल्हापूरहून मालवणला उतरायला चार तास लागले, तर तेवढ्यात बॅटरीत एक युनिट पडतं. पोचेपर्यंत एका दिवसाची सोय झालेली.

जोडण्या त्या बंदरावरच्या वायरमननंच करून दिल्या. त्यानं जुन्या तारेचं आवरण सोलून दाखवलं. आतलं तांबं काळंहिरवं पडलेलं, पितळी भांड्याला कळंक चढतो तसं, आणि ते हातभर आतपर्यंत. ‘‘खाऱ्या वाऱ्यात उघडी तार टिकाची नाय,’’ तो म्हणाला. त्यानं होडीत वापरतात तशी कथिल चढवलेली तांब्याची तार घेतली. प्रत्येक टोकाला योग्य मापाचं थिंबल घालून हत्यारानं दाबलं, जोर लावून ओढून पाहिलं, वर गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम हवेनं बसवली, आणि नटबोल्ट आवळल्यावर ग्रीसचा हात फिरवला. एका थिंबलला त्याची पाच मिनिटं जायची. घाई करायला मी सुचवलंही नाही. ते हात बघत बसणं हेच मोठं शिक्षण होतं.

फ्यूजच्या बाबतीत तो त्याहून कडक होता. या बॅटरीत शॉर्ट झाला तर क्षणात हजारो अँपिअर धावतात, म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. घरातला साधा एसी एमसीबी इथे चालत नाही. घरचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी विझते. डीसी करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते.

इन्व्हर्टर आम्ही छोटाच ठेवला आणि एरवी बंद. काही न जोडतासुद्धा नुसता चालू राहिला तर तो दहा ते वीस वॅट खातो, म्हणजे दिवसाला पाव ते अर्धं युनिट. एसी आणि इंडक्शन शेगडी या बावेच्या कुवतीबाहेरच्या. स्वयंपाक गॅसवर आणि झोप खिडक्या उघड्या टाकून. रोजचं काम एकच. पहाटे पॅनेलवर खाऱ्या दवाचा आणि जांभ्याच्या तांबड्या धुळीचा थर बसलेला असतो, तो काच गार असतानाच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसायचा.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं. खांब आणि माड आडवे झाले, अनेक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. ज्या घराशी असा एक संच असेल, त्याच्या एका युनिटात वाडीतले पन्नास मोबाईल भरतात. मुंबईतल्या मुलांना आईबापांचा आवाज ऐकू येतो. तेव्हापासून मला हा संच हौसेचा वाटत नाही. म्हणून ट्रेलर उभा असतानाही तो पडून राहू नये, घराला लागावा, अशी एक जोडणी आम्ही करून घेतली आहे.

नव्या संचासह देवबागला पहिली रात्र काढली. पहाटे मुद्दाम उठून शंटचा आकडा पाहिला. संध्याकाळी शंभर होते, आता अठ्ठ्याहत्तर. फ्रीज घरघरत होता. बाहेर रापणीची माणसं दोर खांद्यावर घेऊन पाण्याकडे निघाली होती, आणि सुट्या पॅनेलच्या काचेवर दव चमकत होतं. फडकं भिजवून मी बाहेर पडलो.