खंजेरीवरचं बोलणं

सत्यपाल महाराजांचा कार्यक्रम लागला की पोरांचं पहिलं काम म्हणजे खंजेऱ्या मोजणं. सात भरतात. त्या वाजवता वाजवता अकोला जिल्ह्यातल्या शिरसोलीचा हा कीर्तनकार हुंड्यावर, दारूवर, बुवाबाजीवर वऱ्हाडीत बोलत सुटतो. कितीदा तरी वाक्य अर्ध्यावर सोडून उरलेलं थापेवर टाकतो. लोकांना ते बरोबर कळतं.

शहरात आता याच्या जवळपासच्या प्रकाराला ‘स्पोकन वर्ड’ म्हणतात. वाद्यांच्या साथीने असं बोलणं बाहेरही जुनंच आहे. लँग्स्टन ह्यूज या अमेरिकन कवीने 1958 मध्ये चार्ल्स मिंगसच्या जॅझ वादकांबरोबर स्वतःच्या कविता ध्वनिमुद्रित केल्या. नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी याने जॅझ, हायलाइफ, फंक आणि योरुबा ताल एकत्र घोटून आफ्रोबीट उभं केलं. त्यात टोनी अॅलनचा ड्रम चालू राहतो, सॅक्सोफोन बराच वेळ घोळतो आणि ऐकणारा ठेक्यात पुरता शिरला की फेला तोंड उघडतो. भाषा बाजारातली, पिजिन इंग्रजी. तो एक ओळ टाकतो, मागच्या बाया ती उचलतात. आपल्याकडच्या झिलकऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता परत खंजेरीकडे. गांधीजींच्या बोलावण्यावरून 1936 मध्ये खंजेरीवर भजनं गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज सेवाग्रामला महिनाभर राहिले, ते खंजेरी घेऊनच. वाद्य केवढं? एका बाजूने चामडं मढवलेलं लाकडी कडं आणि त्यात खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या. पण 16 ऑगस्ट 1942 ला वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि पलीकडचं चिमूर चलेजाव चळवळीत पेटलं, तेव्हा त्यामागे या भजनांचा हात आहे हे इंग्रज सरकारने ओळखलं. महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. तिकडे फेलाचं लागोसमधलं घर 1977 मध्ये सैनिकांनी जाळलं. आदल्याच वर्षी त्याने ‘झोंबी’ या गाण्यात लष्कराची टर उडवली होती.

पण म्हणून खंजेरी म्हणजे आपलं जॅझ, असं कुणी म्हणू नये. खंजेरीच्या भजनात सॅक्सोफोन-ट्रंपेटचा ताफा नाही, सुरांचे थरही नाहीत. शिवाय तुकडोजींची भजनं बांधलेल्या रचना आहेत, सत्यपालांचं पुष्कळसं बोलणं समोरची गर्दी बघून वळतं. जॅझशी खरी सोयरीक जुळते ती या दुसऱ्या तऱ्हेची. तरी बांधलेल्या भजनातही ठेका बोलतोच. 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत तुकडोजींनी खंजेरी वाजवली, तेव्हा समोरच्या बहुतेकांना मराठी-हिंदीचं अक्षरही येत नव्हतं. ठेका मात्र त्यांच्यापर्यंत पोचत होता.