हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर

आपल्या नगर जिल्ह्यात कोणी अचानक गेले, की 'हार्ट फेल झाले' म्हणतात. त्यामुळे रिपोर्टवर 'हार्ट फेल्युअर' वाचताच नातेवाईक माझ्यापुढे रडू लागतात. वास्तविक दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत.

'अटॅक'मध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने एकाएकी बंद होते. छातीवर दाब येतो, दरदरून घाम सुटतो, कधी डाव्या हातात कळ जाते. अशा वेळी अ‍ॅसिडिटी समजून सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे.

'फेल्युअर'मध्ये हृदय बंद पडत नाही. त्याची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडते. पायांवर सूज येते, आडवे होताच दम लागतो. मीठ कमी करून नियमित गोळ्या घेतल्यास अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. मात्र सूज उतरली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.