रिकाम्या गावातली पंगत

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात गाडीने हिंडताना दुपारपर्यंत डोळे एकाच रंगसंगतीला सरावलेले असतात. तांबडे कडे, करडी माती, मधूनमधून खुरटी झुडपं, आणि सावलीचा पत्ता कुठेच नाही. टोरी नावाचं छोटं गाव मागे टाकून २४ क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेकडे सतरा-अठरा किलोमीटर गेलं की रस्ता कड्यांच्या कुशीत उतरतो आणि समोर एकदम गर्द हिरवं काहीतरी येतं. फळबागा, गवताची कुरणं, उंच कॉटनवुडची झाडं. हे फ्रूटा. कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य ठाणं इथेच आहे. सल्फर क्रीक हा ओढा इथे फ्रीमाँट नदीला मिळतो. नदी म्हणतात म्हणून म्हणायचं. कोकणातल्या माणसाने तिलाही ओढ्यातच जमा केलं असतं.

या पाण्याच्या काठी, जुन्या झाडांखाली, सहलीला आलेल्यांसाठी जागा राखलेली आहे. टेबलं-बाकं, कोळशावर भाजायला लोखंडी शेगड्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. एवढंच. ना खेळण्यांची गर्दी, ना स्पीकर. मुक्कामाला येणाऱ्या मोठ्या गटासाठी जवळच एक वेगळी तळावरची जागा आहे. तिथे चाळीस माणसं उतरू शकतात, आणि ती आधी राखून ठेवावी लागते. बाकीच्यांसाठी तंबू आणि गाड्यांचे ७१ तळ आहेत, तेही हंगामात भरलेलेच असतात. युटात मॉर्मन पंथाची वस्ती मोठी आणि कुटुंबंही मोठी. उन्हाळ्यात आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घराणं एकत्र जमवायची तिकडे जुनी रीत आहे. त्यामुळे अशा जागी दोन माणसांचा डबा कमी आणि चाळीस माणसांची पंगत जास्त दिसते.

नदीकाठची कॉटनवुड इथली मूळची. बागा आणि कुरणं मात्र माणसाने केलेली आहेत. इथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सरकार ज्याला दुष्काळी तालुका म्हणतं, तिथेही बहुतेक याच्या दुप्पट पडतो. फ्रूटाच्या बागा जगतात त्या पाटाच्या पाण्यावर. गेल्या शतकाआधीच्या शेतकऱ्यांनी ओढ्या-नदीचं पाणी वळवून पाट काढले, आणि उद्यानाचे कर्मचारी आजही त्याच पद्धतीने दारं धरतात. पाटाची झडप उचलली की पाणी दंडातून झाडांच्या ओळींमध्ये पसरतं. माती गाळ सोडते, गवताखाली पाणी चमकायला लागतं, आणि तासाभरात बूट घालून बागेत शिरलेल्या पाहुण्याचा पाय घोट्यापर्यंत रुततो. एक बाग भिजली की झडप पाडून पाणी पुढच्या बागेला. सरकारी नोकरीत हातात फावडं घेऊन पाणी फिरवणारी माणसं राष्ट्रीय उद्यानात फारशी आढळणार नाहीत. इथे ती नसतील तर काही उन्हाळ्यांत ही हिरवाई वाळून जाईल.

ज्यांनी हे पाट काढले ते १८८० नंतर आलेले मॉर्मन वसाहतवाले. गावाचं पहिलं नाव जंक्शन, दोन प्रवाहांच्या संगमावरचं म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फ्रूटा झालं. एका वेळी दहाच्या वर कुटुंबं इथे कधीच नांदली नाहीत. वरच्या कड्यातल्या एका लपलेल्या घळीला कोहॅब कॅन्यन म्हणतात. अनेक बायका करणाऱ्या मॉर्मनांची सरकारने धरपकड सुरू केली तेव्हा असे नवरे तिथे दडून बसत, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी कशी का असेना, घळ पाहिली की पटते.

महामार्गाच्या कडेला १८९६ सालची एका खोलीची लाकडी शाळा अजून उभी आहे. एलायजा बेहुनिन या सुरुवातीच्या वसाहतवाल्याची लेक नेटी ही इथली पहिली शिक्षिका, आणि तीही शाळकरी वयाचीच. काचेतून आत डोकावलं तर बाकं नीट ओळीत दिसतात. पण ही बाकं मुद्दामच जमिनीला ठोकलेली नव्हती. शनिवारी ती भिंतीला सारली की शाळेचं नाचघर होई, रविवारी प्रार्थनेची जागा, मधल्या दिवशी गावाची बैठक. १९४१ मध्ये मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली. फ्रूटा हे एकत्र जमायचं ठिकाण झालं ते उद्यानाच्या नकाशामुळे नव्हे. त्या सुट्या बाकांतच ते होतं.

या जमण्यातली सगळ्यांत गाजलेली जमवाजमव १९२५ च्या जुलैची. टोरीचा दुकानदार इफ्रेम पेक्टॉल आणि त्याचा मेहुणा जोसेफ हिकमन या दोघांनी आपल्या भागाचं सौंदर्य जगाला दाखवायचा ध्यास घेतला होता. परिसराला त्यांनी ‘वेन वंडरलँड’ असं नावही देऊन टाकलं होतं. वेन हा त्यांचा जिल्हा. हिकमन विधिमंडळात निवडून गेला, त्याने राज्य उद्यानाचा विषय रेटला, आणि फ्रूटाजवळच्या जागेच्या सोहळ्याला राज्यपाल जॉर्ज डर्न जातीने आले. धुळीच्या रस्त्यांवरून लोक लोटले. त्यानंतर काही दिवसांतच हिकमन फिश लेक या तळ्यात बुडून गेला. पेक्टॉलने मात्र पिच्छा सोडला नाही. तोही पुढे विधिमंडळात गेला, आणि २ ऑगस्ट १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ३७,७११ एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. १९७१ मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं.

इथून पुढची गोष्ट तितकी गोड नाही. १९६२ मध्ये फ्रीमाँटच्या घळीतून पक्का महामार्ग झाला. त्याआधी पूर्वेकडे जायला कॅपिटल गॉर्ज या अरुंद घळीच्या तळातूनच गाडी हाकावी लागे, आणि पूर आला की रस्ताच वाहून जाई. महामार्गाबरोबर पर्यटक आले, आणि पर्यटकांबरोबर सरकारला फ्रूटाची खासगी जमीन हवीशी झाली. एकेक घर विकत घेतलं गेलं, बहुतेक पाडलं गेलं. ड्यूई गिफर्ड १९२८ पासून इथे राहत होता. शेती, गुरं, जोडीला रस्ते खात्याची नि उद्यानाची नोकरी. तो १९६९ मध्ये घर सोडून गेला आणि गाव संपलं. घरं जाऊन झाडं राहिली. निसर्ग राखायचा म्हणून माणसं हलवणं आपल्यालाही नवीन नाही. पण इथे निसर्गाच्या नावाने जे राखलं ते माणसांनीच लावलेलं होतं, हा या गोष्टीतला विसंवाद मला सहजासहजी गिळता येत नाही. तरी एक श्रेय द्यायला हवं: उद्यानाने बागा कुंपणात बंद केल्या नाहीत, खायला मोकळ्या ठेवल्या.

फ्रूटात वसणारे मॉर्मन पहिले नव्हतेच. महामार्गालगतच्या कड्यावर कोरलेल्या आकृत्या लाकडी पायवाटेवरून दिसतात. खांद्याशी रुंद आणि कमरेशी निमुळती, डोक्यावर शिरोभूषणं घातलेली माणसं, आणि त्यांच्या शेजारी वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या. साधारण इ. स. ६०० ते १३०० या काळात इथे मका, घेवडा, भोपळा पिकवणारी माणसं राहत. नोएल मॉर्स या संशोधकाने १९३१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि याच नदीवरून त्या संस्कृतीला फ्रीमाँट हे नाव पडलं. तीही याच पाण्याच्या आधाराने राहिली.

पंगतीला बसून मान वर केली की दगडांचे थर एकावर एक वाचता येतात. खाली चॉकलेटी, पातळ पापुद्र्यांचा मोएनकोपी. त्यावर करड्या-जांभळ्या उताराचा चिनली. त्यावर सरळ उभा तांबडा विंगेट. आणि सगळ्यांत वर नव्हाहो वालुकाश्माचे पांढरट घुमट. हा सगळा पट्टा म्हणजे वॉटरपॉकेट फोल्ड, सुमारे १६० किलोमीटर लांबीची जमिनीची एक वळी. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी ती दुमडायला लागली, आणि नंतर पाण्याने ती कापून काढली. तांबड्या दगडांच्या या मुलखात जागोजागी काळेशार गोल धोंडे विखुरलेले दिसतात. ते इथले नाहीत, पश्चिमेकडच्या बोल्डर डोंगरावरच्या ज्वालामुखीचे. हिमयुगात चिखल-पुरांबरोबर घरंगळत ते इथे आले.

आता फळं. चेरी, जर्दाळू, पीच, नासपती, सफरचंद, शिवाय आलुबुखार, बदाम, अक्रोड, तुती असं सगळं मिळून झाडं हजारोंच्या संख्येत आहेत. सफरचंदांत ‘कॅपिटल रीफ रेड’ हे वाण याच बागांत सापडलेलं. झाडं म्हातारी होत चालली आहेत, म्हणून नवी लावतात. कोवळ्या रोपाभोवती तारेची जाळी लागते, कारण संध्याकाळ झाली की म्यूल जातीची हरणं कळपाने कुरणात उतरतात आणि त्यांना कुंपणाचा मुलाहिजा नाही. जर्दाळू सगळ्यांत आधी फुलतो आणि सगळ्यांत आधी मार खातो. मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या रात्री हिमकडाका पडला की त्या वर्षीचं पीक गेलं.

बाग खुली असल्याची पाटी लागली की कोणीही आत जावं. तिपाई शिड्या आणि फळं तोडायच्या काठ्या तिथेच ठेवलेल्या असतात. हुरड्याच्या दिवसांत शेतात बसून कोवळी कणसं भाजून खाणाऱ्या मराठी माणसाला हा कार्यक्रम समजावून सांगावा लागणार नाही. गिफर्डच्या घरात आता दुकान आहे. १९०८ मध्ये बांधलेलं हे घर. तिथे फळं भरून भाजलेले ‘पाय’ (pie) विकायला असतात, आणि ते दुपारपर्यंत संपतात. हे दुकान दर वर्षी १४ मार्चला, गणितवाल्यांच्या ‘पाय’ (π) दिनी उघडतं आणि हिवाळ्यात बंद होतं.

पाण्यापाशी बसायला गेलेल्यांनी आभाळाकडे लक्ष द्यावं, हा सल्ला इथे शोभेसाठी नाही. जुलै ते सप्टेंबर या दिवसांत दूर डोंगरावर पाऊस पडतो आणि इथे ऊन असतानाच घळीत लाल पाण्याचा लोंढा येतो. जून २०२२ मध्ये तर उद्यानाच्या एका घळीत अशाच लोंढ्याने पर्यटकांच्या गाड्या वाहून नेल्या. सुदैवाने माणसं वाचली. महामार्गाशेजारी एक सुंदर धबधबा दिसतो. तो १९६२ मध्ये रस्ता बांधताना नदीचं वळण कापल्यामुळे तयार झाला. तिथे अपघात झाले, म्हणून पाण्यात उतरायला बंदी आहे, आणि ती पाळावी. कॉटनवुडच्या सुक्या फांद्या वाऱ्याशिवायही कोसळतात, तेव्हा पथारी थोडी बाजूला घालावी.

युटाची पाच राष्ट्रीय उद्यानं एका सुट्टीत उरकणारी बरीच मराठी कुटुंबं ब्राइस कॅन्यन आणि मोआबच्या मधला टप्पा म्हणून फ्रूटावरून सुसाट जातात. दर वर्षी दहा लाखांहून जास्त माणसं कॅपिटल रीफला येतात, तरी यातल्या बहुतेकांना पंगतीची ही जागा महामार्गावरून दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पाच उद्यानांत मुलांना आणि म्हाताऱ्यांना सोबत घेऊन दिवसभर बसावं असं ठिकाण हे एकच. सॉल्ट लेक सिटीपासून साडेतीन-चार तासांची वाट. फ्रूटाच्या बागा, शाळा आणि सहलीची जागा बघायला प्रवेशशुल्क लागत नाही. शुल्क आहे ते पुढच्या निसर्गरम्य रस्त्याचं. चेरी जूनमध्ये, जर्दाळू जूनअखेर ते जुलै, पीच आणि नासपती ऑगस्टमध्ये, सफरचंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. बागेत झाडाखाली उभं राहून खाल त्याला पैसे नाहीत. पिशवीत भराल ते दारातल्या काट्यावर स्वतःच तोलायचं आणि पैसे पेटीत टाकायचे.